किल्ली कुणाच्या कमरेला?



या अंकाचा विषय ठरवायला मंडळ बसलं तेव्हा चांगलाच वाद झाला. मोबाइल, त्यातली माहिती, तिची गुप्तता हा आपला विषय आहे का? एक ज्येष्ठ मैत्रीण तावातावानं म्हणाली, "साक्रीकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, दारूपायी संसार धुऊन निघालेत, आणि आपण पासवर्डवर अंक काढायचा? ते पुण्यामुंबईच्या मुलींना करू दे." तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पण गेली काही वर्षं धुळ्यात सल्ला केंद्राचं काम करताना मी पाहते आहे, की समोर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीत कुठे ना कुठे फोन येतोच. पूर्वी बाई सांगायची, "मारलं." आता सांगते, "फोन हिसकावला आणि मारलं." कुणाशी बोलतेस, रात्री साडेदहाला ऑनलाइन का होतीस, निळ्या खुणा दिसल्या तरी उत्तर का दिलं नाहीस. संशयाला आता घड्याळही मिळालंय आणि पुरावाही! म्हणून अखेर विषय हाच ठरला. पाण्याचा अंक पुढे आहेच.

बचत गटांच्या बैठकांत, शिबिरांत मी हा विषय काढते तेव्हा सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य आपल्या अहिराणीतलं आहे. "मनाजोडे काय शे दपाडासारखं, ताई?" माझ्याजवळ लपवण्यासारखं आहेच काय! मोलमजुरी करणारी बाई हे म्हणते, शिक्षिका म्हणते, आपल्या कार्यकर्त्यासुद्धा म्हणतात. आणि त्याला लागूनच दुसरं मत येतं, की जी फोनला कुलूप घालते ती नक्कीच काहीतरी लपवते. देवपुरातल्या एका बैठकीत एक तरुण सून म्हणाली, "मी लग्नाच्या आठवड्यातच त्यांना पासवर्ड दिला. भांडणच नको." मी विचारलं, त्यांचा तुझ्याकडे आहे का? ती हसली. बाकीच्याही हसल्या.

त्या हसण्यात सगळं आलं. प्रश्न लपवण्याचा नाही, तो कुणी कुणाला उत्तर द्यायचं याचा आहे. आपल्या घरांत किल्ल्यांचा जुडगा कमरेला असणं म्हणजे घरातलं वजन. तो सासूच्या कमरेवरून सुनेच्या कमरेला येण्यात कैक घरांत वीस-वीस वर्षं गेली. आणि ज्या कपाटाची किल्ली तिला शेवटी मिळाली, त्यात तिचं स्वतःचं असं काय असायचं? माहेरहून आलेलं पत्रसुद्धा आधी दुसऱ्या कुणीतरी फोडलेलं असायचं. स्वतःचा म्हणून वापरायला मोबाइल आहे असं सांगणाऱ्या बायका देशात 54 टक्केच होत्या, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं. म्हणजे उरलेल्या जवळपास निम्म्या बायकांच्या बाबतीत "फोनची गुप्तता" हा शब्दप्रयोगच पुढचा. त्यांचा फोन नवऱ्याचा असतो, मुलाचा असतो, किंवा दिराच्या खिशात असतो.

आता थोडं यंत्राविषयी, कारण त्याबद्दल गैरसमज फार. पोस्टकार्ड, आंतर्देशीय आणि बंद पाकीट यांतला फरक आपल्याला माहीत आहे. साधा एसएमएस हे पोस्टकार्ड समजा, वाटेत ज्याच्या हातात पडेल तो वाचू शकतो. व्हॉट्सॲपनं एप्रिल 2016 पासून सर्व संदेश चिकटवलेल्या पाकिटातून पाठवायला सुरुवात केली. पाठवणारीच्या फोनात कुलूप लागतं ते घेणारीच्याच फोनात उघडतं, मध्ये कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. पण पाकिटावरचा पत्ता तर उघडाच असतो ना? कोण कुणाला, किती वाजता, किती वेळा लिहितं, कोणत्या गटात आहे, हे कंपनीला कळतं, आणि ही कंपनी फेसबुकवाल्यांचीच. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपनं माहिती वाटून घेण्याचं नवं धोरण आणलं तेव्हा पुष्कळ लोक सिग्नलकडे वळले. कुलूप तेच, किंबहुना व्हॉट्सॲपनं ते सिग्नलवाल्यांकडूनच घेतलेलं आहे. पण सिग्नल नफ्यासाठी चालत नाही, आणि खातं कधी उघडलं व शेवटी कधी जोडलं गेलं याखेरीज जवळजवळ काहीच नोंद स्वतःकडे ठेवत नाही. टेलिग्राम सुरक्षित म्हणून आपल्या काही मैत्रिणी वापरतात. त्यातल्या नेहमीच्या गप्पांना असं कुलूप नसतं, 'सीक्रेट चॅट' मुद्दाम निवडावं लागतं, आणि गटांना तर ती सोयच नाही. एवढं लक्षात असलेलं बरं.

मात्र ही सगळी पोस्टखात्याची गोष्ट झाली. आपल्याकडे येणाऱ्या बायकांची पत्रं पोस्टात फोडली जात नाहीत, घरातच फोडली जातात. नवऱ्यानं एकदा दोन मिनिटं फोन हातात घेऊन 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून तिचं व्हॉट्सॲप आपल्या संगणकाला किंवा दुसऱ्या फोनला जोडून ठेवलं, की जगातलं सर्वांत भक्कम कुलूपही कुचकामी ठरतं. शिरपूर तालुक्यातल्या एका बाईला कळेचना, की केंद्रात येण्याचा दिवस दर वेळी घरी आधीच कसा कळतो. दुसरीचा अंगठा ती झोपेत असताना फोनवर टेकवला जायचा. तिसरीच्या फोनात "मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी" म्हणून एक ॲप घातलं होतं, आणि घरात मूल नव्हतंच. तेव्हा बाई केंद्रात आली की फोन कुणी घेऊन दिला, बिल कोण भरतं, गूगलचं खातं कुणी उघडून दिलं, हे आपण पत्ता आणि वय विचारतो तितक्या सहजपणे विचारायला हवं. जोडलेली साधनं तपासायची, सहा आकडी पिन लावायचा, हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. पण तेही तिला विचारून, तिच्या वेळेनं. कारण कुलूप दिसलं म्हणूनच मार पडेल अशी घरं आहेत. तिथे फोन तसाच उघडा ठेवायचा आणि केंद्राशी बोलायचं ते शेजारणीच्या फोनवरून, हाच शहाणपणा. सुरक्षिततेवरच्या इंग्रजी पुस्तिकांत हे मला कुठे आढळलेलं नाही.

"खाजगी" या शब्दाशी आपल्या चळवळीचं नातं सरळ नाही. नवरा-बायकोची भांडणं ही घरातली खाजगी बाब, बाहेरच्यांनी पडू नये, असं पोलिसांपासून पंचांपर्यंत सगळे सांगायचे, आणि तो दरवाजा ढकलूनच आपण उभ्या राहिलो. जे खाजगी ते राजकीय, हे आपल्या आधीच्या पिढीनं कंठरवानं सांगितलं. मग आता आपणच खाजगीपण मागायला निघालो, हे कसं? मला यात विसंगती वाटत नाही. तेव्हा खाजगीपण घराचं होतं, म्हणजे कर्त्या पुरुषाचं. आपण मागतो ते बाईचं, त्या घराच्या आतसुद्धा. 1983 साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं टी. सरिता खटल्यात म्हटलं होतं, की बायकोला जबरदस्तीनं नांदायला पाठवणारं कलम तिच्या खाजगी आयुष्यावर घाला आहे. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते मत पुसलं. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्या निकालपत्रात स्त्रीवाद्यांचा हा जुना आक्षेपही नोंदला गेला, की घराच्या आडोशानं अत्याचार झाकण्यासाठी हा हक्क वापरता येणार नाही. ती पानं मराठीत यायला हवीत. कुणी करेल का?

आपल्या खानदेशाला तर हा धडा फार आधी मिळालेला आहे. 1994 साली जळगावचं प्रकरण उघडकीस आलं तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. बायकांना, कॉलेजच्या मुलींना जाळ्यात ओढायचं, फोटो काढायचे आणि त्या फोटोंच्या धाकावर पुन्हा पुन्हा बोलवायचं. राजकीय वजन असलेल्या माणसांची नावं त्यात आली. मोर्चे निघाले, महाराष्ट्रभरच्या संघटना जळगावला धावल्या, विशेष तपास झाला, खटले चालले. पण तक्रार द्यायला पुढे आलेल्या बायका फार थोड्या. का, हे सांगायला नको. मथुरा प्रकरणानंतरच्या आंदोलनामुळे 1983 मध्येच कायद्यात बदल झाला होता. बलात्कारित स्त्रीचं नाव छापायला बंदी आली होती, खटला बंद दालनात चालवण्याची तरतूद झाली होती. कागदावर नाव सुरक्षित होतं, गावात नव्हतं. जळगावची मुलगी म्हटलं की स्थळं बिचकायची, असं त्या काळातल्या आपल्या ज्येष्ठ मैत्रिणी आजही सांगतात. फोटोत कोण आहे याची चर्चा रंगली, फोटो कुणी काढला याची नाही.

तेव्हा निगेटिव्ह ही एक वस्तू होती. ती पोलिसांना जप्त करता यायची, निदान तशी आशा धरता यायची. आज निगेटिव्ह नाही, आणि ज्यानं फोटो काढला तो बहुधा अनोळखी नसतो. प्रियकर असतो, होणारा नवरा असतो, नवरा असतो. आता तर फोटो काढावाही लागत नाही, चेहरा तेवढा मिळाला की बाकीचं शरीर यंत्र जोडून देतं. कायदे बरेच आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66ई कलम आहे, भारतीय न्याय संहितेची 77 आणि 78 ही कलमं आहेत. 78 मध्ये बाईच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवणं हाही पाठलागच मानला आहे, हे आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना ठाऊक नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली फोनवरून संपर्क साधायलाही मनाई मागता येते. पण ठाण्यात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "फोटो काढू दिलाच का?" जळगाव संपलेलं नाही.

आता ज्या घटनेमुळे आमच्यात खरे मतभेद झाले, ती. आपल्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी, आठवडे बाजाराच्या रविवारी, पाच माणसांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्याआधी कित्येक दिवस फोनाफोनी फिरत होते. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल असं बंधन आणलं आणि वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. पाच जीव गेल्यावर शहाणपण आलं म्हणायचं, आणि तेही फक्त पाच जिवांनी आलेलं नव्हतं. देशभर असे बळी पडत होते.

सरकारनं यातून वेगळा निष्कर्ष काढला. पहिला संदेश कुणी पाठवला हे कंपनीनं शोधून सांगितलंच पाहिजे, असा नियम 25 फेब्रुवारी 2021 ला आला. व्हॉट्सॲपनं त्याला मे 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि कुलूप तोडायला लावलं तर भारतातून निघून जाऊ, असं एप्रिल 2024 मध्ये त्याच न्यायालयात सांगितलं. हा नियम कशाकशासाठी वापरायचा त्या यादीत बलात्कार आहे, अश्लील चित्रण आहे, बालकांचं लैंगिक शोषण आहे. म्हणजे आपलं नाव पुढे केलेलं आहे. मंडळातल्या एका मैत्रिणीला हा नियम योग्य वाटतो. ती म्हणते, "ज्यानं मुलीचा व्हिडिओ पहिल्यांदा सोडला तो सापडायलाच हवा. कंपनीच्या कुलपाचं मला कौतुक नाही." तिच्या रागाशी माझं भांडण नाही. पण प्रत्येक संदेशाचा मूळ मालक शोधता यावा, तर प्रत्येक संदेशावर आधीपासून खूण करून ठेवावी लागेल. माझ्या, तुमच्या, आश्रयाला आलेल्या बाईच्या, आंतरजातीय लग्न करून निघालेल्या जोडप्याच्या. ती खूण फक्त सज्जनांच्याच हाती राहील याची हमी कोण देणार? आणि राईनपाड्याचंच घ्या. तिथे मारणारे दडलेले नव्हते. भर दिवसा, शेकडो लोकांसमोर मारलं, आणि मारहाणीचे व्हिडिओ लोकांनी स्वतः काढून फिरवले. कमी पडलं ते संदेशाचा उगम शोधण्याचं यंत्र नव्हे. अफवा फिरत असताना पाड्यापाड्यांवर जाऊन "हे खोटं आहे" सांगणारं माणूस नव्हतं. आशा आणि अंगणवाडीताई ते करू शकल्या असत्या. त्यांना कुणी विचारलंच नाही. व्हिडिओ सोडणाऱ्याबद्दलही माझा अनुभव असा, की बाईला तो कोण हे बहुतेक वेळा माहीतच असतं. अडतं ते गुन्हा नोंदवण्यापाशी.

अंगणवाडीताईंवरून आठवलं. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताईंनी सरकारी मोबाइल परत केले, कारण फोन निकृष्ट आणि 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत. पुढे 2025 मध्ये घरी न्यायच्या आहारासाठी गरोदर बाईचा, स्तनदा मातेचा चेहरा फोनवर पडताळायची सक्ती आली. ज्या पाड्यावर नेटवर्क नाही तिथे चेहरा जुळत नाही, आणि चेहरा जुळत नाही तर आहार नाही. भुकेचा पुरावा चेहऱ्यानं द्यायचा!

लाडकी बहीण योजनेनं तर हा प्रश्न घराघरात नेला. 2024 मध्ये अर्ज भरताना गावातल्या दुकानांत, सेतू केंद्रांत आपल्या बायकांनी आधार, बँकेचं पासबुक, फोटो, सगळं टेबलावर ठेवलं. ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवला. ते कागद, त्या झेरॉक्स, त्या दुकानदाराच्या फोनातले ते फोटो आज कुठे आहेत? मग सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सुरू झालं. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक हवा, आणि ओटीपी जाणार त्यांच्या फोनवर. ज्या बाईला नवऱ्यानं आठ वर्षांपूर्वी टाकलं, तिनं पंधराशे रुपयांसाठी त्याला फोन करून म्हणायचं, "जरा आकडा सांगता का?" आमच्याकडे आलेल्या एकीला उत्तर मिळालं, "आधी सोडचिठ्ठीवर सही कर." नंतर मुदत वाढली. नवरा-वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित बायकांसाठी कागदपत्रं देऊन वेगळी वाटही काढली गेली. पण परित्यक्तेजवळ कुठला कागद असतो? मृत्यूचा दाखला नाही, कोर्टाचा हुकूमनामा नाही. परित्यक्तांची गणना करा, त्यांना स्वतंत्र रेशनकार्ड द्या, ही आपल्या चळवळीची जुनी मागणी. तेव्हा तिची अडचण रेशनच्या खिडकीपाशी होती, आज तीच खिडकी फोनात आली आहे. खाजगीपणाचा हक्क म्हणजे यात काय, तर सरकारशी बोलताना बाईला नवऱ्याच्या फोनमधून जावं न लागणं. मला तरी याहून सोपी व्याख्या सुचत नाही.

(डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला 'संचार साथी' हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनात आधीच घालून देण्याचा आदेश बाहेर आला, आरडाओरडा झाला आणि तीन दिवसांत मागे घेतला गेला. शहरी मंडळी ओरडली की तीन दिवस पुरतात. परित्यक्तांचं ओरडणं पोचायला महिने लागले.)

एका प्रश्नावर मात्र माझं मत अजून पक्कं होत नाही. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विभोर गर्ग खटल्यात सांगितलं, की नवरा-बायकोपैकी एकानं दुसऱ्याचं फोनवरचं बोलणं चोरून ध्वनिमुद्रित केलं असलं तरी घटस्फोटाच्या दाव्यात ते पुरावा म्हणून घेता येईल. त्या खटल्यात ध्वनिमुद्रण नवऱ्यानं केलं होतं, बायकोचं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं 2021 मध्ये ते नाकारलं होतं. निकाल वाचून माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की आता प्रत्येक संशयी नवऱ्याला परवाना मिळाला. पण मग आपल्याकडच्या बायका आठवल्या. बंद खोलीतल्या धमक्या, हुंड्याची बोलणी सिद्ध कशी करायची? साक्षीदार सगळे सासरचे. आम्हीच तर त्यांना सांगतो, संदेश पुसू नका, जपून ठेवा, जमलं तर रेकॉर्ड करा. म्हणूनच आपोआप पुसले जाणारे संदेश वापरा असा सरसकट सल्ला मी देत नाही. जी घर सोडायच्या तयारीत आहे तिला ते कवच आहे. जी खटला लढवणार आहे तिचा पुरावा मात्र त्यात वाहून जातो. तिनं संदेशांच्या प्रती मैत्रिणीकडे ठेवाव्यात आणि मूळ फोन मोडीत काढू नये. वकील मैत्रिणींनी यावर लिहावं, विशेषतः साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमातलं प्रमाणपत्र गावातल्या बाईनं कुणाकडून घ्यायचं याबद्दल.

शेवटी आपल्या संस्थांबद्दल. 2019 मध्ये पेगॅससची बातमी फुटली तेव्हा लक्ष्य झालेल्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते, छत्तीसगडमध्ये काम करणाऱ्या बेला भाटिया होत्या. आपल्यासारख्या लहान केंद्रांवर कुणी एवढा खर्च करणार नाही, हे खरं. त्याची गरजही नाही! कित्येक केंद्रांत मी पाहते, केसपेपरचे फोटो, बाईच्या अंगावरच्या वळांचे फोटो, एफआयआरच्या प्रती "तातडीचं आहे" म्हणून वीस-वीस जणींच्या गटात टाकलेल्या असतात. त्या फोनात कार्यकर्तीची मुलं खेळतात. वार्षिक अहवालासाठी देणगीदारांना "केस स्टडी" हवी असते, मग नाव बदलून गाव, जात, नवऱ्याचा धंदा तसाच ठेवला जातो. तालुक्यात तेवढ्यावरून बाई ओळखू येते. आमच्या केंद्रात आता नियम केला आहे. केसची माहिती गटात नाही, फोटो केंद्राच्या एकाच फोनात, तो फोन घरी न्यायचा नाही, प्रकरण मिटल्यावर काय ठेवायचं नि काय पुसायचं ते त्या बाईला विचारून. कामाला वेळ लागतो, कुरकुर होते. नव्या मुलींची नाही, जुन्याच मैत्रिणींची.

तुमच्याकडे काय करता ते कळवा. केसचे कागद कुठे ठेवता, फोटो कुणाच्या फोनात असतात, नवऱ्यानं केंद्राच्या नंबरवर फोन करून "ती तिथे आहे का" विचारलं तर कोण काय उत्तर देतं. ई-केवायसीत अडकलेल्या परित्यक्तांची गावनिहाय संख्याही हवी आहे. ती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना भेटायचं ठरलं आहे. संख्या पुरे, नावं नकोत. पत्र पोस्टानं पाठवलंत तरी चालेल, फक्त पाकिटातून पाठवा.